पॉट-लिमिट ओमाहा: मोठा ड्रॉ हातात आला की काय करायचं

होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळून ओमाहा या दुसऱ्या प्रकाराकडे वळलेला माणूस सगळ्यात आधी फसतो तो ड्रॉमध्ये, म्हणजे अजून पान लागून पूर्ण व्हायच्या हातामध्ये. तो हात पूर्ण करणारी पानं म्हणजे आउट्स. होल्डेममध्ये फ्लशचे (एका रंगाची पाच पानं) ९ आउट्स किंवा दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटचे (ओळीने पाच पानं) ८ आउट्स म्हणजे चांगला ड्रॉ. इथे चार पानं हातात असल्यामुळे १३, १७, कधी २० आउट्स समोर दिसतात आणि हात शिवशिवायला लागतात. पण आउट्सचा नुसता आकडा फारसं काही सांगत नाही. त्यातले किती आउट्स तुम्हाला नट्सपर्यंत (त्या बोर्डवर शक्य असलेल्या सगळ्यात मोठ्या हातापर्यंत) नेतात, समोरच्याकडे बहुधा काय आहे आणि स्टॅक (खेळाडूंसमोरच्या उरलेल्या चिप्स) किती खोल आहे, या तीन गोष्टींवर ड्रॉची किंमत ठरते. चिप्स पुढे सरकवण्याआधी हे कसं तपासायचं, ते क्रमाने बघू.

नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरतो: हातातली नेमकी दोन पानं आणि बोर्डवरची नेमकी तीन (बोर्ड म्हणजे टेबलावरची सामाईक पानं: आधी तीन, तो फ्लॉप; मग चौथं, तो टर्न; शेवटी पाचवं, तो रिव्हर). ‘नेमकी’ हा शब्द मात्र ड्रॉ मोजताना सतत डोक्यात ठेवा. बोर्डवर चार बदाम आले आणि हातात एकटा बदाम एक्का असला, तरी तुमचा फ्लश झालेला नाही.

पायरी १: ड्रॉची निवड फ्लॉपच्या आधी होते

मोठा ड्रॉ नशिबाने मिळतो असं वाटतं, पण कोणत्या हातांना तो मिळू शकतो हे तुम्ही प्रीफ्लॉपलाच, म्हणजे फ्लॉपच्या आधीच्या फेरीत, ठरवत असता. गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी अशी लागून असलेली चार पानं, त्यातही दोन-दोन एका रंगाची, हा या कामासाठी आदर्श हात. मध्ये एक पान सुटलेलं असेल तर ते खालच्या बाजूला सुटलेलं बरं. गुलाम-दश्शी-नव्वी-सत्ती हा हात गुलाम-नव्वी-अठ्ठी-सत्तीपेक्षा चांगला, कारण वरची भेग असली की तुमचे स्ट्रेट वारंवार खालच्या टोकाचे बनतात.

राजा-राणी-गुलाम-तिर्री यातली तिर्री नुसती लटकलेली असते. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. एक पान निकामी असलं की कामाच्या तीनच उरतात, म्हणजे अर्धा हात गेला. एकाच रंगाची तीन पानं हातात असली की आणखी एक तोटा: तिसऱ्या पानाचा फ्लशला उपयोग नाही, उलट तुमचा एक आउट तुम्हीच धरून बसलेले असता. ९ चे ८ होतात, आणि चारही एका रंगाची असली तर ७.

पायरी २: आउट्स मोजा, मग त्यातले नट आउट्स वेगळे काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फ्लॉप घ्या नव्वी-अठ्ठी-दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. बोर्डवरच्या पानांना वेढून बसलेल्या स्ट्रेट ड्रॉला ‘रॅप’ म्हणतात. याच फ्लॉपवरचे चार रॅप बघू.

हातात राणी-गुलाम-दश्शी. तीन राण्या, तीन गुलाम, तीन दश्श्या आणि चार सत्त्या, एकूण १३ आउट्स. आता प्रत्येक पान मनातल्या मनात बोर्डवर ठेवून बघा. सत्ती आली तर नव्वी-अठ्ठी-सत्तीवर गुलाम-दश्शी हे नट्स, आणि ते तुमच्याकडे आहेत. गुलाम आला तर राणी-दश्शी नट्स, तेही तुमच्याकडे. दश्शी आली तर राणी-गुलाम, आणि राणी आली तर पुन्हा गुलाम-दश्शी. १३ पैकी १३ नट.

आता हातात सत्ती-छक्की-पंजी. चार दश्श्या, तीन सत्त्या, तीन छक्क्या, तीन पंज्या. हेही १३. पण दश्शी आली तर राणी-गुलामवाला पुढे. सत्ती आली तर गुलाम-दश्शीवाला पुढे. छक्की आली तर दश्शी-सत्तीवाला पुढे. फक्त पंजी आली तरच तुमचा स्ट्रेट सगळ्यात मोठा. म्हणजे १३ पैकी नट आउट्स ३. आकडा तोच, पण या दोन हातांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवख्या खेळाडूच्या चिप्स कुठे जातात ते शोधायचं असेल तर असे खालच्या बाजूचे रॅप तपासा.

तिसरा हात गुलाम-दश्शी-सत्ती: १७ आउट्स. राणी, सत्ती किंवा छक्की आली तर नट्स, म्हणजे ११. गुलाम किंवा दश्शी आली तर स्ट्रेट होतो, पण राणी असलेला हात वर राहतो. उलट दश्शी-सत्ती-छक्कीचेही १७ आउट्स, पण नट फक्त ७: तीन छक्क्या आणि चार पंज्या.

आणि सगळ्यात प्रसिद्ध तो २० आउट्सचा रॅप: गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की. राणी ते पंजी यांच्यातलं, नव्वी-अठ्ठी वगळता, कुठलंही पान चालतं. नट आउट्स १४.

ही मोजणी टेबलावर बसून पहिल्यांदा करायला गेलात तर वेळ पुरणार नाही. घरी पत्त्यांचा जोड घ्या, फ्लॉप मांडा, चार पानं उचला आणि प्रत्येक रँक बोर्डवर ठेवून ‘आता नट्स काय?’ हा एकच प्रश्न विचारत जा. रॅपचे साचे मोजकेच आहेत. ते एकदा डोक्यात बसले की नव्वी-अठ्ठीच्या जागी गुलाम-दश्शी आली तरी हिशोब तोच राहतो. फक्त एक्क्याच्या जवळ गेलं की वरची बाजू संपते आणि आउट्स कमी होतात.

किती वेळा लागेल याचे आकडेही पाठ असावेत. फ्लॉपवर न दिसलेली पानं ४५ असतात. पुढच्या एका पानावर १३ आउट्स लागण्याची शक्यता सुमारे २९ टक्के, २० आउट्सची ४४ टक्के. दोन्ही पानं बघायला मिळाली तर ९ आउट्स ३६ टक्के, १३ आउट्स ५० टक्के, १७ आउट्स ६२ टक्के आणि २० आउट्स ७० टक्के वेळा लागतात. लागणं म्हणजे जिंकणं नव्हे, ते पुढे येईलच.

पायरी ३: फ्लश जोडला की दुहेरी मोजणी टाळा

तोच फ्लॉप, पण आता नव्वी आणि अठ्ठी बदामाची, दुर्री किलवरची. हातात बदाम एक्का, बदाम सत्ती, इस्पिक गुलाम, किलवर दश्शी. स्ट्रेटचे १७ आणि फ्लशचे ९, म्हणून २६ आउट्स? नाही. बदाम राणी, बदाम गुलाम, बदाम दश्शी आणि बदाम छक्की ही चार पानं दोन्हीकडे मोजली गेली. खरे आउट्स २२.

आता ते गाळून घ्या. बदाम दुर्रीने फ्लश होतो, पण बोर्डवर जोडी लागते आणि सेटवाल्याचं (हातात जोडी आणि त्याच रँकचं तिसरं पान बोर्डवर असलेल्याचं) फुल हाउस, म्हणजे तीन सारखी अधिक एक जोडी, होतं. ते पान डागाळलेलं. उरलेल्या आठ बदामांवर तुमचा एक्क्याचा फ्लश (समोर स्ट्रेट फ्लश निघण्याइतकं दुर्दैव सोडून देऊ). बदाम नसलेल्या तीन राण्या, तीन सत्त्या, तीन छक्क्या म्हणजे नऊ नट स्ट्रेट. बदाम नसलेले दोन गुलाम आणि दोन दश्श्या म्हणजे दुय्यम स्ट्रेट. थोडक्यात १७ भक्कम, ४ कच्चे, १ डागाळलेला.

फ्लश ड्रॉ एक्क्याचा नसेल तर त्याचे आउट्स वेगळ्या खात्यात टाका. राजाचा फ्लश ड्रॉ दोघांच्या पॉटमध्ये ठीक. चार जण पॉटमध्ये असताना नव्वीचा फ्लश लागला आणि कोणी पूर्ण पॉटची बेट लावली, तर तुम्ही काय करणार आहात? उत्तर सुचत नसेल तर ते ९ आउट्स मोजूच नका.

पायरी ४: समोर सेट आहे की दुसरा ड्रॉ, याचा अंदाज घ्या

नट आउट्सवर एवढा भर देऊन झाल्यावर एक गोष्ट सांगायला हवी, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. समोर नव्व्यांचा सेट असेल तर तुमचा दुय्यम स्ट्रेटही जिंकतो. सेटवाल्याला तुमचा स्ट्रेट सगळ्यात मोठा आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्याला बोर्डवर जोडी हवी असते. त्यामुळे सेटविरुद्ध एकूण आउट्सना महत्त्व असतं, आणि दुसऱ्या ड्रॉविरुद्ध नट आउट्सना.

टॉप सेटविरुद्ध (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पानाचा सेट), सगळ्या चिप्स फ्लॉपवरच आत गेल्या तर, चित्र साधारण असं असतं: फ्लश ड्रॉ नसलेला राणी-गुलाम-दश्शीचा १३ आउट्सचा रॅप सुमारे ४१ टक्के, २० आउट्सचा रॅप ५४ टक्क्यांच्या आसपास, आणि वरचा २२ आउट्सचा रॅप-अधिक-फ्लश सुमारे ५५ टक्के. आउट्स लागण्याच्या टक्केवारीपेक्षा हे आकडे बरेच खाली आहेत, कारण सेट मेलेला नसतो. तुमचा स्ट्रेट टर्नवर लागला तरी रिव्हरला बोर्ड जोडणारी बहुधा १० पानं त्याच्याकडे असतात, म्हणजे जवळजवळ चारात एकदा तो सुटतो.

आता समोर दुसरा ड्रॉ ठेवा. तुमच्याकडे राणी-गुलाम-दश्शी, त्याच्याकडे गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की. तुमच्या १३ पैकी तीन आउट्स त्याच्या हातात अडकले, उरले १०. त्यातही राणी किंवा सत्ती आली तर गुलाम-दश्शी दोघांकडे, पॉट अर्धा-अर्धा. ती सहा पानं गेली. पूर्ण पॉट देणारे आउट्स उरले चार: दोन गुलाम, दोन दश्श्या. आणि पंजी-छक्की आली तर तोच पुढे. कागदावर १३ नट आउट्स दिसत होते ते टेबलावर इतके आटतात. म्हणूनच तीन-चार जण जोरात रेझ करत असताना ‘माझे आउट्स त्यांच्याच हातात तर नाहीत?’ हा प्रश्न घाबरटपणाचा नाही.

हे ओळखायचं कसं? खात्रीचा मार्ग नाही, पण खुणा असतात. प्रीफ्लॉपला पुन्हा रेझ करून आलेला माणूस नव्वी-अठ्ठी-दुर्रीवर बहुधा एक्क्यांची जोडी घेऊन असतो. बिग ब्लाइंडमधून (सक्तीची मोठी बेट आधीच लावलेल्या जागेवरून) स्वस्तात आलेल्याकडे मधली पानं जास्त असतात. फ्लॉपवर चेक करून मग पॉटएवढा रेझ करणाऱ्याकडे सेट किंवा तुमच्यासारखाच मोठा ड्रॉ, दोन्ही असू शकतं.

पायरी ५: पॉट आणि स्टॅकचं नातं बघा

पॉट-लिमिटमध्ये रेझची कमाल मर्यादा काढायची सोपी रीत: समोरच्या बेटची तिप्पट, अधिक त्या बेटच्या आधी पॉटमध्ये होतं ते. पॉट ३०, बेट ३०, तर तुम्ही जास्तीत जास्त १२० करू शकता.

पॉटएवढी बेट लागून कॉल झाली की पॉट तिप्पट होतो: १, ३, ९, २७. त्यामुळे मागे पॉटच्या चौपट स्टॅक असेल तर दोन पूर्ण बेट्समध्ये सगळं आत जातं (१ आणि ३). तेरा पट असेल तर तीन बेट्समध्ये (१, ३, ९). १०० बिग ब्लाइंडच्या खेळात बटणावरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) साडेतीनचा पूर्ण रेझ झाला आणि फक्त बिग ब्लाइंडने कॉल केलं, तर पॉट साडेसात आणि मागे साडेशहाण्णव. गुणोत्तर जवळपास १३. म्हणजे फ्लॉप, टर्न, रिव्हर असे तीन रस्ते मोकळे. तोच पॉट प्रीफ्लॉपला पुन्हा रेझ होऊन वाढला असेल, समजा कट-ऑफचा (बटणाच्या लगेच आधीची जागा) साडेतीन, बटणाचा १२ आणि कॉल, तर पॉट साडेपंचवीस, मागे ८८. गुणोत्तर साडेतीनच्या खाली. इथे फ्लॉपवरच निकाल लागतो.

गुणोत्तर चारच्या आत असेल तर मोठा ड्रॉ म्हणजे सरळ चिप्स आत घालायचा हात. दोन्ही पानं नक्की बघायला मिळतात, कोणी टर्नवर तुम्हाला हुसकावू शकत नाही. गुणोत्तर १० च्या वर असेल तर एकूण आउट्सपेक्षा नट आउट्स आणि पोझिशन (समोरच्याच्या नंतर बोलायला मिळणं) मोठे होतात, कारण खरी मोठी बेट अजून यायची असते आणि ती तुमच्या दुय्यम स्ट्रेटवरच येऊन आदळते. मधल्या पट्ट्यात मला विचाराल तर पोझिशनमध्ये असताना कॉलकडे कल ठेवावा, पोझिशन नसताना एक तर रेझ किंवा फोल्ड.

पायरी ६: कॉल की रेझ

पॉटएवढ्या बेटला कॉल करायला ३३ टक्के इक्विटी (पॉटमधला तुमचा सरासरी वाटा) लागते, अर्ध्या पॉटला २५ टक्के. पण मोठ्या ड्रॉचं खरं बळ रेझमध्ये असतं. एक हात जवळून बघू.

पॉट ३०, समोरच्याने ३० लावले, तुमच्याकडे नेमके १२०. हातात राणी-गुलाम-दश्शीचा रॅप, फ्लश ड्रॉ नाही. तुम्ही १२० चा ऑल-इन रेझ केला. समोर टॉप सेट निघाला आणि कॉल झाला तर पॉट २७०. तुमचा वाटा ४१ टक्के धरला तर साधारण ११०.७. घातले १२०, म्हणजे सरासरी ९.३ चा तोटा. पण त्याने पानं टाकली तर ६० लगेच तुमचे. हिशोब केला तर सातातून एकदा जरी त्याने पानं टाकली तरी रेझ फायद्यात जातो. आणि नुसती एक्क्यांची जोडी किंवा उघडी (सोबत दुसरा ड्रॉ नसलेली) टॉप टू पेअर घेऊन बेट लावणारे सातातून एकदापेक्षा बरेच जास्त वेळा मागे हटतात. याच जागी २२ आउट्सचा हात असता तर ५५ टक्क्यांनी वाटा १४८.५, म्हणजे दर वेळी सेटने कॉल केलं तरी सरासरी २८.५ चा नफा.

आता स्टॅक १२० ऐवजी ६०० असते तर? मग रेझनंतर समोरचा पुन्हा रेझ करू शकतो, आणि १३ आउट्सचा उघडा रॅप घेऊन ६०० आत घालणं ही वेगळीच गोष्ट. तिथे मी पोझिशनमध्ये कॉल करून टर्न बघेन. २२ आउट्सचा हात मात्र तिथेही रेझ करेन, कारण पुन्हा रेझ झाला तर तो मला हवाच आहे.

कधीतरी उलटही होतं: पोझिशन नसताना मोठा ड्रॉ आला आणि सगळे चेक करतील असं वाटलं, तर स्वतः बेट लावा. चेक-रेझची वाट बघत फुकट पान देण्यात काही अर्थ नाही. ड्रॉला फुकट पान मिळणं चांगलं, पण लोकांची पानं टाकायला लावणं त्याहून चांगलं.

पायरी ७: टर्न हुकला तर

टर्न कोरा गेला की ड्रॉची किंमत झपकन उतरते. १३ आउट्स आता ४४ पैकी, म्हणजे साडेएकोणतीस टक्के. पॉटएवढ्या बेटला लागतात ३३. २० आउट्स मात्र अजून ४५ टक्के आहेत, ते बिनधास्त कॉल करतात.

१३ च्या बाबतीत उरलेली तूट रिव्हरला भरून निघते का ते बघा. पॉट ३०, बेट ३०: आत्ताचा कॉल सरासरी ३.४ तोट्यात. स्ट्रेट लागल्यावर रिव्हरला सरासरी १२-एक चिप्स जास्त मिळाल्या तरी बरोबरी होते, आणि तेव्हा पॉट ९० चा असेल. सगळे आउट्स नट असतील आणि तुम्ही शेवटी बोलणार असाल तर हे सहज जमतं. पोझिशन नसेल तर पान लागताच समोरचा सावध होतो आणि ती वसुली होत नाही.

समोरच्याने टर्नला चेक केलं आणि तुमच्याकडे १३ आउट्स आहेत, तर चेक करून रिव्हर फुकट बघा. बेट लावून पॉटएवढा चेक-रेझ खाल्ला की चांगला ड्रॉ टाकावा लागतो, आणि ओमाहात याहून महाग चूक क्वचितच असते.

टर्न लागला तर? पॉटएवढी बेट. सेटवाल्याकडे जेमतेम २३ टक्के असतात आणि त्याला ३३ लागतात, तेव्हा त्याला चुकायची पूर्ण संधी द्या. इथे ‘हळू खेळणं’ म्हणजे फुल हाउसला आमंत्रण. फक्त एक तपासणी: स्ट्रेटच्या मागे दुसरी वाट आहे का? नव्वी-अठ्ठी-सत्तीवर उघडे गुलाम-दश्शी घेऊन तुम्ही बसलात आणि समोरही गुलाम-दश्शी, पण सोबत जिवंत फ्लश ड्रॉ, तर तुम्ही फार तर अर्धा पॉट घेऊ शकता आणि तो पूर्ण. खोल स्टॅकमध्ये तीन जण ऑल-इनकडे निघाले असतील तर मागे काहीच नसलेले नट्सही जड होतात.

मोठा दिसणारा ड्रॉ टाकायचा कधी

फ्लॉपवर तिन्ही पानं एका रंगाची आणि तुमच्याकडे त्या रंगाचा फ्लश नाही: २० आउट्सचा रॅपही जवळपास निकामी. फ्लॉप जोडलेला, जसं नव्वी-नव्वी-अठ्ठी: स्ट्रेट लागूनही फुल हाउससमोर मरतो, मोठी बेट आली की सोडा. दोन बदाम असलेल्या फ्लॉपवर तुमच्याकडे बदाम नाहीत आणि दोघे रेझ करत आहेत: तुमच्या प्रत्येक स्ट्रेटच्या रँकमधलं बदामाचं पान वजा करा. राणी-गुलाम-दश्शीचे १३ चे ९ होतात, आणि पॉटएवढ्या रेझला ९ आउट्स पुरत नाहीत.

रिव्हरही हुकला तर ब्लफचा विचार फक्त तेव्हा करा जेव्हा समोरच्याला हवं ते पान तुमच्याकडे अडकलेलं आहे. बोर्डवर तिसरा बदाम आला आणि हातात एकटा बदाम एक्का असेल, तर एक्क्याचा फ्लश दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाही. तिथे पॉटएवढ्या बेटला वजन असतं. तसं पान हातात नसेल तर चेक करा आणि पुढचा डाव घ्या.